निरोपावर जगणारी पेशी

अंगणात धावणाऱ्या मुलाच्या पायाला ठेच लागते. क्षणभर ते स्तब्ध उभे राहते आणि मग भोकाड पसरते. आई धावत येते, अंगठ्यावर फुंकर घालते, चिमूटभर हळद दाबते, दगडाला लटकेच दटावते आणि मूल पुन्हा खेळायला पळते. हा प्रसंग घरोघरी इतका नित्याचा आहे की, त्यात काही नवल दडले असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः ठेच आणि रडणे यांच्यामधल्या त्या एका क्षणामागे निसर्गाची फार मोठी सिद्धता उभी असते. आणि ही सिद्धता ज्या मुलाच्या वाट्याला आलेली नाही, त्याच्या आईला आपले मूल रडत नाही याचेच रडू येते. अशी मुले जगात आहेत. त्यांच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत. आधी ठेच लागल्याची वर्दी जाते कशी, ते पाहू.

ही वर्दी ज्या तंतूवरून जाते तो तंतू एकाच पेशीचा असतो. त्या पेशीचे शरीर पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या बाजूस असलेल्या एका लहानशा पुंजक्यात वसलेले असते. अशा पुंजक्याला शास्त्रज्ञ गुच्छिका म्हणतात. तेथून निघालेला तंतू मांडी, गुडघा, पोटरी आणि घोटा ओलांडून अंगठ्याच्या त्वचेत शिरतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. पेशीचे शरीर मात्र एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फार तर दोन ते पाच पट रुंद असते. ते मुलांच्या खेळातील गोटीएवढे कल्पिले, तर तिच्यातून निघालेला दोरा सुमारे अर्धा किलोमीटर लांब पसरलेला दिसेल!

येथे दोन प्रश्न उभे राहतात. हा तंतू वाढावा असे त्या पेशीला कोण सांगते? आणि इतक्या दूरवर गेलेले आपले टोक योग्य ठिकाणी पोचले, हे तिला कसे कळते? हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. गर्भावस्थेत शरीराच्या कित्येक भागांत जितक्या मज्जापेशी निर्माण होतात, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जन्मापूर्वीच मरून जातात. कोणत्या जगतात आणि कोणत्या मरतात? या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा महायुद्धाच्या काळात, इटलीतील एका निजण्याच्या खोलीत सापडला.

शयनगृहातील प्रयोगशाळा

रिता लेव्ही-मोंतालचिनी यांचा जन्म १९०९ साली तुरिन शहरात झाला. वडील अभियंते होते. मुलींनी उच्च शिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या मागे लागू नये, त्यामुळे त्यांच्या गृहिणीपदाच्या कर्तव्यात बाधा येते, असे त्यांचे मत होते. रिताने त्यांचे मन वळविले, वैद्यकाचा अभ्यास केला आणि १९३६ साली तुरिन विद्यापीठाची पदवी मिळविली. ज्युझेप्पे लेव्ही या प्राध्यापकांच्या हाताखाली मज्जापेशींच्या अभ्यासाला त्यांनी नुकता कोठे आरंभ केला होता, तोच १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे जारी केले. ज्यू कुळात जन्मलेल्यांना विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. गुरूही ज्यू आणि शिष्याही ज्यू. दोघांनाही बाहेर पडावे लागले.

काही काळ बेल्जियममध्ये काढून रिता घरी परतल्या आणि १९४० साली त्यांनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. एक सूक्ष्मदर्शक, अंडी उबविण्याची एक पेटी आणि शिवणकामाच्या सुया घासून केलेली नाजूक हत्यारे, एवढेच त्यांचे साहित्य होते. प्रयोगासाठी लागत होती कोंबडीची उबविलेली अंडी. युद्धकाळात अंडीही सहजासहजी मिळत नसत. प्रयोगानंतर जे उरे त्याचा घरच्या स्वयंपाकात उपयोग होई. थोड्याच दिवसांत ज्युझेप्पे लेव्हीही तेथे येऊ लागले आणि गुरू आपल्या विद्यार्थिनीचा साहाय्यक बनला!

अमेरिकेत स्थायिक झालेले जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी १९३४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अंड्यातील पिल्लाच्या गर्भाचा पंख अगदी कोवळ्या अवस्थेत काढून टाकला, तर त्या पंखाकडे जाणाऱ्या मज्जापेशींची संख्या पुष्कळ घटते, असे त्यांना आढळले होते. पंखाकडून काही प्रेरणा मिळाल्याशिवाय मज्जापेशी तयारच होत नसाव्यात, असा अर्थ हाम्बुर्गर यांनी त्यातून काढला. रिताबाईंनी तोच प्रयोग आपल्या खोलीत केला. परंतु त्यांनी केवळ अखेरची संख्या मोजली नाही, दिवसामागून दिवस काय घडते ते पाहिले. त्यांना दिसले ते निराळेच होते. पंख नसला तरी मज्जापेशी तयार होतात; त्यांना तंतू फुटतात; ते तंतू पंखाच्या दिशेने निघतात. तेथे कोणी भेटत नाही असे झाल्यावर मात्र त्या पेशी मरतात. म्हणजे उणीव जन्माची नव्हती, पोषणाची होती. तंतू जेथे पोचतो तेथून काहीतरी परत आले तरच पेशी जगते, असा या निष्कर्षाचा रोख होता.

तुरिनवर बाँबवर्षाव सुरू झाला तेव्हा हे बिऱ्हाड आणि ही प्रयोगशाळा दोन्ही खेड्यात हलविण्यात आली. १९४३ साली जर्मन सैन्य इटलीत शिरल्यावर तेही सोडावे लागले आणि युद्ध त्या भागातून सरेपर्यंत रिताबाई आपल्या कुटुंबासह फ्लॉरेन्समध्ये लपून राहिल्या. पुढे निर्वासितांच्या छावणीत त्यांनी डॉक्टर म्हणून काम केले. इटलीतील नियतकालिके ज्यू लेखकांना बंद असल्यामुळे त्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले होते. ते हाम्बुर्गर यांच्या वाचनात आले. आपल्या निष्कर्षाला छेद देणाऱ्या या अपरिचित संशोधिकेला त्यांनी १९४७ साली सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतले. हाम्बुर्गर हेही नाझी राजवटीमुळे मायदेशाला मुकलेले होते. काही महिन्यांसाठी गेलेल्या रिताबाईंचे त्या विद्यापीठाशी जडलेले नाते पुढे तीस वर्षे टिकले.

गाठ, गरळ आणि लाळ

'काहीतरी परत येते' हे खरे. पण ते काहीतरी म्हणजे काय? १९४८ साली एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या शरीरातील एका दुष्ट गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रुजविला, तेव्हा मज्जातंतू त्या गाठीत झुंडीने शिरलेले दिसले होते. रिताबाईंनी त्या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. गाठ गर्भाच्या बाहेरील आवरणावर ठेवली, तिचा आणि गर्भाच्या शरीराचा संबंध केवळ रक्ताच्या द्वारे राहील अशी योजना केली, तरीही मज्जातंतू बेसुमार वाढले. याचा अर्थ, गाठीतून एखादा द्रव्यविशेष पाझरत असला पाहिजे. १९५२ साली दोन गाठवाले उंदीर आपल्या हातपिशवीत घालून रिताबाई विमानाने ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे गेल्या. तेथे हेर्टा मायर या त्यांच्या मैत्रिणीने काचपात्रात पेशी वाढविण्याची उत्तम व्यवस्था केली होती. गुच्छिकेचा एक ठिपका आणि गाठीचा एक तुकडा शेजारी शेजारी ठेवताच सुमारे एका दिवसात गुच्छिकेतून चारी बाजूंनी तंतू फुटले. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी, तसे ते दृश्य होते.

द्रव्य ओळखण्यासाठी रसायनशास्त्रज्ञाची गरज होती. ती स्टॅन्ली कोहेन या तरुणाने १९५३ साली सेंट लुईला येऊन भागविली. पुढील शोध काहीसा अपघाताने लागला. गाठीच्या अर्कातील क्रियाशील द्रव्य न्यूक्लिइक आम्ल आहे की प्रथिन, याचा निकाल लावण्यासाठी कोहेन यांनी त्यात थोडेसे सर्पविष मिसळले. कारण न्यूक्लिइक आम्लाचा भेद करणारा एक विकर त्या विषात असतो. अर्काची शक्ती नाहीशी होईल किंवा आहे तशी राहील, एवढीच अपेक्षा होती. घडले भलतेच. तंतूंची प्रभावळ पूर्वीपेक्षा कितीतरी दाट झाली. सर्पविषातच ते द्रव्य होते, आणि गाठीत होते त्याच्या सहस्रावधी पटींनी अधिक! मग कोहेन यांनी सरळ तर्क केला : सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, तेव्हा इतर प्राण्यांच्या लाळेत का पाहू नये? नर उंदराच्या लाळग्रंथीत त्या द्रव्याचा मोठाच साठा सापडला. ते एक प्रथिन निघाले. 'मज्जातंतू-वर्धक घटक' असे त्याचे नाव रूढ झाले. आपण त्याला येथे वर्धक म्हणू.

या वर्धकाला निष्प्रभ करणारी लस तयार करून कोहेन आणि रिताबाई यांनी ती नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना टोचली. हृदय, रक्तवाहिन्या आणि घर्मग्रंथी यांवर ताबा ठेवणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेच्या गुच्छिका त्या पिल्लांत जवळजवळ नाहीशा झाल्या. केवळ तंतू वाढविणारे नव्हे, तर पेशीला जिवंत ठेवणारे असे हे द्रव्य आहे, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा? १९८६ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दारावरचा विकर

वर्धक सापडला, तरी कोडे अर्धेच सुटले होते. हे प्रथिन पेशीच्या बाहेर असते. तंतू वाढविण्याची यंत्रे पेशीच्या आत असतात. मधल्या भिंतीतून निरोप जातो कसा?

शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या आणि स्वतः मात्र शेवटी जशाच्या तशा उरणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. अन्न पचविणारे विकर आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. परंतु पेशीत आणखी एक मोठे विकरकुल नांदते. त्याचे काम पचविण्याचे नाही, शिक्के मारण्याचे आहे. या विकरांना कायनेज म्हणतात. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. त्यातील फॉस्फेटचा एक कण काढून तो दुसऱ्या प्रथिनाला चिकटविणे, एवढेच कायनेजचे कार्य असते. पण त्या इवल्या कणाने प्रथिनाचा आकार बदलतो आणि झोपलेले प्रथिन जागे होते किंवा जागे असलेले झोपी जाते. फॉस्फेटचा हा शिक्का पुसून टाकणारे विकरही पेशीत असतात. त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. शिक्का मारणे आणि पुसणे हा पेशीच्या कारभाराचा पाया आहे, हे एडमंड फिशर आणि एड्विन क्रेब्ज यांनी १९५० नंतरच्या दशकात स्नायूंवरील संशोधनातून दाखविले आणि १९९२ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या पेशींत पाचशेहून अधिक प्रकारचे कायनेज आहेत.

वर्धकाचे दारही असाच एक कायनेज आहे, हे १९९१ साली निश्चित झाले. त्याचे नाव ट्रॅक-ए. विशेष असे की, त्याच्याशी शास्त्रज्ञांची पहिली ओळख मज्जापेशीत झाली नव्हती, तर आतड्याच्या कर्करोगाच्या एका गाठीत बिघडलेल्या स्वरूपात झाली होती. त्याची खरी कामगिरी नंतर कळली. हे प्रथिन पेशीच्या भिंतीत आरपार बसलेले असते. त्याचे एक टोक बाहेर असते व दुसरे आत. वर्धकाचा रेणू जुळा असतो. तो बाहेरील दोन टोकांना एकत्र ओढतो. दोन ट्रॅक-ए जवळ येताच त्यांची आतील टोके परस्परांवर फॉस्फेटचे शिक्के मारतात. दार जागे होते.

पुढचे काम जुन्या काळच्या जासूदांच्या डाकेसारखे चालते. एका टप्प्यावरचा जासूद थैली पुढच्याच्या हाती देतो, तो त्याच्या पुढच्याच्या. जागे झालेले दार रॅस या लहानशा विकराला चेतविते. रॅस राफ या कायनेजला, राफ मेक नावाच्या कायनेजला आणि मेक हा अर्क या कायनेजला. अर्क पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तंतूच्या वाढीला लागणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करवितो. इतके टप्पे कशाला, असे कोणी विचारील. प्रत्येक टप्प्यावरचा कायनेज एकच नव्हे तर अनेक प्रथिनांवर शिक्के मारतो. त्यामुळे दारावरची कुजबूज केंद्रकापर्यंत पोचेतो तिची घोषणा होते. शिवाय प्रत्येक टप्प्यावर तिला आवर घालता येतो.

त्याच दारातून दुसरी डाक निघते. तिच्यातील एक्ट नावाचा कायनेज मरणाची तयारी करणाऱ्या प्रथिनांवर शिक्के मारून त्यांना निष्क्रिय करतो. प्रत्येक पेशीच्या आत तिच्या अंताची सामग्री सिद्ध असते. निरोप येत राहिला तर ती बांधून ठेवली जाते, निरोप थांबला तर सुटते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या पेशीचा तंतू योग्य ठिकाणी पोचला तिला वर्धक मिळतो आणि ती जगते. जी भलतीकडे गेली किंवा उशिरा पोचली, ती मरते. दिसायला हे क्रूर आहे. परंतु त्यामुळेच जितक्या पेशी हव्यात तितक्याच आणि जेथे हव्यात तेथेच उरतात.

दुसरा प्रश्न लांबीचा होता. अंगठ्याजवळच्या टोकाला मिळालेला निरोप एक मीटर दूर असलेल्या केंद्रकाला कसा कळतो? वर्धक आणि त्याला चिकटलेला ट्रॅक-ए यांना पेशीच्या भिंतीची एक बारीक पुरचुंडी आपल्यात ओढून घेते. मग तंतूच्या आत जे सूक्ष्म रूळ असतात, त्यांवरून डायनीन नावाचे प्रथिन ती पुरचुंडी ओढत पेशीच्या शरीराकडे नेते. वेग असतो सेकंदाला मिलिमीटरच्या एक सहस्रांशाच्या आसपास. या चालीने अंगठ्याच्या निरोपाला कण्यापर्यंत पोचायला कित्येक दिवस लागतात. ठेचेची वर्दी निमिषात जाते. 'मी येथे सुखरूप आहे, तूही जग' हा निरोप मात्र बैलगाडीने जातो. पण त्या सबंध वाटेवर दारावरचा विकर जागाच असतो, हे महत्त्वाचे.

निरोप किती वेळ टिकतो?

या सर्व संशोधनातील सर्वांत मार्मिक धडा उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्राण्याच्या, म्हणजे प्रयोगशाळेतील रॅटच्या, पेशींनी शिकविला. १९७६ साली लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीतील एका गाठीपासून पेशींचा एक वंश तयार केला. या पेशींना मज्जातंतू-वर्धक दिला की त्या दुभंगणे थांबवितात आणि त्यांना तंतू फुटतात. त्या जणू मज्जापेशी बनतात. परंतु त्यांनाच दुसरा एक वर्धक दिला तर त्या तंतू न फुटता दुभंगतच राहतात. हा दुसरा वर्धक त्वचेच्या पेशी वाढविणारा असून तोही कोहेन यांनीच उंदराच्या त्याच लाळग्रंथीतून शोधून काढला होता. लाळग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात उंदरांचे डोळे वेळेपूर्वी उघडतात, एवढ्या एका निरीक्षणावरून त्यांनी त्याचा माग काढला.

आता नवल असे की, दोन्ही वर्धकांची दारे वेगळी असली, तरी आतील डाक तीच! तेच रॅस, तेच राफ, तेच मेक, तोच अर्क. मग एका निरोपाने पेशी वाढून मज्जापेशी व्हावी आणि दुसऱ्याने नुसती दुभंगत राहावी, हे कसे? उत्तर मिळाले ते वेळेत. त्वचेच्या वर्धकाने अर्क जागा होतो तो काही मिनिटांपुरता. मज्जातंतूच्या वर्धकाने तो तासन्‌तास जागा राहतो. एवढ्या एका भेदाने पेशीचे सारे भवितव्य बदलते. हे सिद्धही करून पाहण्यात आले. त्वचेच्या वर्धकाची दारे त्या पेशींत कृत्रिम उपायाने पुष्कळ वाढविली तेव्हा अर्क अधिक काळ जागा राहिला, आणि ज्या वर्धकाने पूर्वी पेशी केवळ दुभंगत त्याच वर्धकाने त्यांना तंतू फुटले! पेशी निरोपाचे शब्द ऐकते, तसाच तो किती वेळ चालू आहे हेही मोजते.

वेदना नसलेली मुले

आता आरंभी उल्लेखिलेल्या मुलांकडे वळू. फार क्वचित एखादे मूल असे जन्मते की, त्याला वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. ते पडले तरी रडत नाही. दात आल्यावर ते आपलीच जीभ, ओठ आणि बोटे चावून रक्तबंबाळ करते. गरम भांड्यावर हात पडला तरी तो मागे घेत नाही. हाड मोडले तरी ते चालत राहते आणि सांधे झिजून विद्रूप होतात. घाम नसल्यामुळे उन्हाळ्यात किंवा जरा आजारी पडले की त्याचा ताप भयंकर चढतो. कित्येकांचा त्यातच अंत होतो. अशा मुलाच्या आईला रोज संध्याकाळी त्याचे सारे अंग तपासावे लागते. कारण जखम झाली हे मूल तिला सांगू शकत नाही.

१९९६ साली जपानमधील यासुहिरो इंदो आणि त्यांचे सहकारी यांनी या विकाराचे मूळ शोधून काढले. ते होते ट्रॅक-एच्या जनुकातील दोषात. मुलाला आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती सदोष मिळाल्या, म्हणजे दारावरचा विकर निकामी होतो. वर्धक बाहेर असतो, तंतूही निघालेला असतो. पण दार ठोठावले तरी आत कोणी जागे होत नाही. निरोप न मिळाल्यामुळे वेदना वाहून नेणाऱ्या पेशी आणि घर्मग्रंथींना चालविणाऱ्या अनुकंपी पेशी गर्भातच मरून जातात. तुरिनच्या खोलीत पंख नसलेल्या गर्भात जे दिसले होते, तेच येथे माणसाच्या मुलात घडलेले असते. एका विकरातील एका दोषाने शरीराची एक सबंध इंद्रियशक्ती नाहीशी व्हावी, यावरून त्या विकराची थोरवी कळून येते.

या ज्ञानाचा उपयोग वैद्यकाने अर्थातच करून पाहिला. वर्धक प्रौढ माणसातही वेदना तीव्र करतो. तेव्हा त्याला अडवून सांधेदुखीने जर्जर झालेल्यांना आराम द्यावा, ही कल्पना स्वाभाविक होती. तशी औषधे तयार झाली आणि दुखणे कमीही झाले. परंतु काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजू लागल्याचे आढळले. अशा एका औषधाविरुद्ध अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेच्या सल्लागारांनी २०२१ साली कौल दिला आणि त्याचे काम थांबले. इतर दोन वाटांवर मात्र यश आले. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पटलाचे मज्जातंतू निकामी होऊन त्यावर व्रण पडतात, त्यांवर या वर्धकाचेच थेंब घालण्याच्या उपचाराला २०१७ साली युरोपात आणि २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तसेच, ट्रॅक कुळातील विकर बिघडून सतत जागा राहिल्यामुळे जे कर्करोग होतात, त्यांवर त्या विकराला झोपविणारे औषध २०१८ पासून वापरात आले आहे.

तुटलेला तंतू

एक प्रश्न अजून वैद्यकाच्या उंबरठ्यावर उभा आहे. हाताचा मज्जातंतू तुटला आणि शल्यवैद्याने तो नीट जुळविला, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूतील तंतू तुटला तर तो वाढत नाही. पाय जातात ते बहुधा कायमचे. असे का?

वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला हाताच्या पंजासारखा एक हलता भाग असतो. स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १८९० साली त्याचे वर्णन केले. हा पंजा चाचपडत, थांबत, वळत पुढे सरकतो. त्याला पुढे ढकलणारे विकर असतात, तसे आवरणारेही असतात. मज्जारज्जूतील तंतूंवर जे स्निग्ध आवरण असते त्यात वाढीला मनाई करणारी प्रथिने आहेत. ती पंजाला भिडली की रो-कायनेज नावाचा विकर जागा होऊन पंजा आखडून घेतो. शिवाय वयात आलेल्या मज्जापेशीची स्वतःची वाढण्याची उमेदही ओसरलेली असते. तिला आवरणारा एक विकर म्हणजे पीटेन. तो एक्टच्या डाकेतील निरोप पुसतो. २००८ साली अमेरिकेत झिगांग हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या डोळ्यातील पेशींमधून पीटेन काढून टाकला, तेव्हा चिरडलेल्या दृक्-मज्जेचे तंतू पुन्हा वाढू लागले. ही वार्ता आशादायक होती. परंतु पीटेन हा कर्करोगापासून आपले रक्षण करणारा पहारेकरीही आहे. त्याला सरसकट घरी पाठविले, तर तंतू वाढण्याऐवजी गाठी वाढायच्या! वाढ आणि आवर यांचा तोल मोडल्याशिवाय तुटलेला तंतू कसा वाढवावा, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे.

रिताबाईंना १०३ वर्षांचे आयुष्य लाभले. त्या २०१२ साली रोम येथे निवर्तल्या. ज्या देशाने त्यांना विद्यापीठाबाहेर काढले होते, त्याच देशाने २००१ साली त्यांना आपल्या वरिष्ठ सभागृहाचे आजीव सदस्यत्व दिले. शिवणाच्या सुईने त्यांनी जो धागा उचलला तो आज विकरांच्या लांबलचक साखळीपर्यंत पोचला आहे, आणि त्या साखळीचे सार एवढेच की, मज्जापेशी एकटी जगत नाही. जेथे तिने आपला हात पोचविला तेथून 'तू पोचलीस' असा निरोप येत राहिला, आणि तो पुरेसा वेळ टिकला, तरच ती वाढते व जगते.

पुढच्या वेळी अंगणात ठेच लागून मूल रडत आले, म्हणजे हळद जरूर दाबावी, फुंकरही घालावी. पण त्या रडण्याने आपण थोडे निश्चिंतही व्हावे. त्याच्या जन्माच्या कित्येक आठवडे आधी एका इवल्या पेशीने लांब हात पसरला होता, कोणीतरी तो धरला होता, आणि दारावरचा विकर जागा होता. ते रडणे त्याचीच पोच होय.